बाळाचा पहिला घास: चार महिने की सहा?

ॲम्स्टलव्हेन किंवा आइंडहोवनमधल्या मराठी घरात बाळ चार महिन्यांचं झालं की दोन सल्ले जवळजवळ एकदमच येतात. डच बालतपासणी केंद्रातली परिचारिका वजन-उंची मोजून झाल्यावर सांगते, की आता हवं तर चमच्याने थोडं थोडं भरवायला सुरुवात करा. पुण्या-नाशिकहून आजी फोनवर म्हणते, "एवढ्यात कशाला? सहावा लागू दे, मी आले की उष्टावण करू." आईबाबा मग रात्री बाळ झोपल्यावर जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते ते शोधतात. तिथे सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे आजी बरोबर आणि इथली परिचारिका चूक का?

असं नाही. दोन्ही सल्ल्यांमागे नीट केलेला विचार आहे, फक्त दोघांना वाटणारी काळजी वेगळी आहे. ती समजली की तारखेवरून वाद घालायची गरज उरत नाही. मग आपल्या बाळाकडे बघून निर्णय घेता येतो, आणि मला वाटतं तोच योग्य निर्णय असतो.

डच सल्ला कुठून येतो ते आधी पाहू. नेदरलँड्समध्ये जन्मापासून चार वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला 'कन्सुल्टाट्सीब्यूरो' या केंद्रात ठरलेल्या वेळी नेतात. तपासणी आणि लसीकरण विनामूल्य असतं. अशा प्रकारचं देशातलं पहिलं केंद्र हेगमध्ये १९०१ साली डॉ. प्लान्टेंगा यांनी सुरू केलं. त्या काळी युरोपातल्या शहरांत नासलेल्या, घाण पाणी मिसळलेल्या दुधामुळे जुलाब होऊन तान्ही मुलं दगावत. फ्रान्समध्ये पिएर ब्यूदँ आणि लेओं द्यूफूर यांनी आयांना एकत्र बोलावून बाळांची वजनं करायची, स्तनपान टिकवायचं आणि ते जमत नसेल तर स्वच्छ दूध पुरवायचं, असं काम आधीच सुरू केलं होतं. प्लान्टेंगांनी तीच वाट धरली. बाळाला काय आणि कधी द्यायचं, हा या केंद्रांचा जन्मापासूनचा विषय आहे. आपल्याकडे अंगणवाडीत बाळाला वजनकाट्यावर ठेवून सेविका आईशी बोलते, त्याच जातकुळीचं हे काम.

आज या केंद्रांचा सल्ला 'फूडिंग्ससेंट्रम' या हेगमधल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाशी जुळवलेला असतो. तो नीट वाचला तर त्यात 'चार महिन्यांना सुरू कराच' असं कुठेही नाही. चार महिने पूर्ण झाल्यावर, बाळाची तयारी दिसत असेल तर, 'उफनहाप्ये' म्हणजे सरावाचे घास देता येतात. दिवसातून एकदा, दोन-चार चमचे. बाळाला चव कळावी, चमचा कळावा, घट्टसर पदार्थ जिभेवरून मागे कसा न्यायचा हे कळावं, इतकाच त्याचा हेतू. पोट भरायचं काम दुधाचंच. सहा महिने झाले की मात्र थांबायचं नाही, असं तिथे ठामपणे सांगितलेलं आहे. म्हणजे चार महिन्यांना फक्त दार उघडतं आणि सहा महिन्यांपर्यंत आत यावं लागतं. अनेक मराठी आईबाबा या परवानगीला हुकूम समजतात आणि बाळ मान धरत नसताना गाजराचा गर घेऊन बसतात. गैरसमज तिथून सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पूर्वी 'चार ते सहा महिने' असाच होता. २००१ साली तज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले आणि शिफारस बदलून 'सहा महिने' केली. सहा महिने फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांना जुलाब-उलट्यांचे संसर्ग कमी होतात आणि त्यांची वाढ मागे पडत नाही, असं दिसून आलं होतं. हा सल्ला साऱ्या जगासाठी आहे. ज्या घरात पाणी उकळायला इंधन नाही, वाटी-चमचा धुवायला स्वच्छ पाणी नाही, त्या घरासाठीही. तिथे दोन महिने आधी दिलेली पेज बाळाच्या जिवावर बेतू शकते. भारत सरकारचं धोरणही हेच आहे: सहा महिने निव्वळ स्तनपान, पाणीसुद्धा नाही.

नेदरलँड्समध्ये नळाचं पाणी थेट पिता येतं, म्हणून तिथला तज्ज्ञ जुलाबांच्या भीतीने चार महिन्यांवर काट मारत नाही. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली मांडलेली भूमिका हीच आहे: वरचं अन्न चार महिन्यांच्या आधी नको आणि सहा महिन्यांच्या पुढे ढकलायला नको. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली पुन्हा सगळं तपासलं. बहुतेक बाळांना सहा महिन्यांपर्यंत दुधाखेरीज कशाची गरज नसते, हा त्यांचा निष्कर्ष. काही बाळं आधी खायला तयार असतात, हेही त्यांनी नोंदवलं.

आजीच्या सहाव्या महिन्याला तर फारच जुना आधार आहे. गृह्यसूत्रांमध्ये अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलं आहे आणि सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात बाळाला हलकं, हितकर अन्न द्यावं असं म्हटलं आहे. पुढे मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात असे हिशेब आले आणि 'सहावा' कधी आठवा झाला, तर कधी मुहूर्त नाही, मामा नाही म्हणून आणखी पुढे गेला. सोहळा कधीही करा, त्याला माझी हरकत नाही. पण सोहळ्याची वाट बघत बाळाला उपाशी ठेवू नका, आणि मुलाला सहावा व मुलीला सातवा या हिशेबाला शरीरशास्त्रात काडीचा आधार नाही.

कारण सहा महिन्यांनंतर दुधाचा हिशेब खरोखर बदलतो. बाळ पोटात असतानाच आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फारच कमी असतं, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. ते शोषलं चांगलं जातं, पण साठा संपल्यावर ते पुरत नाही. सात ते अकरा महिन्यांच्या बाळासाठी युरोपीय प्राधिकरणाने दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह धरलं आहे. वाढत्या मेंदूला लोह लागतं आणि या वयातली उणीव पुढे भरून काढणं अवघड असतं. उष्मांकांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांत दुधाखेरीज रोज सुमारे २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०.

महाराष्ट्रातली, आणि एकूण भारतातली, खरी अडचण इथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी दुधासोबत घट्ट किंवा अर्धघट्ट अन्न मिळणारी बाळं निम्म्याहूनही कमी निघाली. आपल्याकडे घाईपेक्षा उशीर जास्त होतो. परदेशी गेलं तरी घरची सवय सोबत येते. म्हणून नेदरलँड्समधल्या मराठी घराला मी चार महिन्यांपेक्षा सहाव्या महिन्याच्या रेषेबद्दल जास्त जागरूक राहायला सांगेन.

आता खालच्या, म्हणजे चार महिन्यांच्या, रेषेमागचं कारण. चार महिन्यांच्या आत बाळाच्या ओठांवर चमचा टेकवला की जीभ आपोआप पुढे येते आणि पदार्थ बाहेर ढकलते. ते बाळाचं संरक्षण आहे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ही प्रतिक्रिया विरते. त्याच काळात मान स्थिर होते, आधाराने बसता येतं, हात वस्तूपर्यंत पोचतो आणि ती वस्तू तोंडात जाते. तयारी ओळखायची ती या खुणांवरून. मुठी चोखणं, लाळ गळणं, आपण जेवताना आपल्या ताटाकडे टक लावून बघणं, रात्री पुन्हा उठायला लागणं, या गोष्टी चौथ्या महिन्यात बहुतेक बाळं करतात आणि त्यांचा भुकेशी संबंध असेलच असं नाही.

रात्रीच्या झोपेबद्दल वेगळं सांगायला हवं. 'पोटभर पेज दिली की रात्रभर झोपेल' हे आपल्याकडे आणि डच आज्यांकडेही सारख्याच विश्वासाने सांगतात. इंग्लंडमध्ये तेराशे स्तनपान करणाऱ्या बाळांवर यासंबंधी एक मोठी चाचणी झाली. एका गटाला तीन महिन्यांपासून वरचं अन्न सुरू केलं, दुसऱ्याला सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध. सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिल्या गटातली बाळं रात्री सरासरी १७ मिनिटं जास्त झोपत होती. फरक आहे, पण थकलेल्या आईला ज्या रात्रीची आस असते ती काही यातून मिळत नाही. निव्वळ झोपेसाठी घाई करू नये.

वजनाच्या तक्त्यामुळेही घाई होते. डच मुलं जगातल्या सर्वांत उंच मुलांपैकी आहेत आणि केंद्रातला नेहमीचा तक्ता त्यांच्या मोजमापांवर बेतलेला असतो. आपलं बाळ त्यावर खालच्या रेघांपाशी दिसतं आणि आईबाबांचा जीव खाली-वर होतो. 'दूध पुरत नाही बहुतेक' म्हणून चमचा हातात घेतला जातो. अशा वेळी केंद्रात एक गोष्ट जरूर विचारावी. सुरिनाममधून आलेला मोठा हिंदुस्तानी समाज नेदरलँड्समध्ये, विशेषतः हेगमध्ये, राहतो. १८७३ साली कलकत्त्याहून सुरिनामला गेलेल्या 'लल्ला रुख' जहाजापासून त्यांच्या स्थलांतराची सुरुवात झाली. या समाजाच्या मुलांच्या मोजमापांवरून 'टीएनओ' या डच संशोधन संस्थेने वेगळे वाढीचे तक्ते तयार केले आहेत. दक्षिण आशियाई बांध्याच्या बाळाकडे बघताना त्यांचा उपयोग होतो. कुठलाही तक्ता घेतला तरी बाळ आपल्या रेघेला धरून वर सरकतंय का, हे पाहायचं. रेघ खालची असली तरी बिघडत नाही. रेघ सोडून बाळ खाली घसरू लागलं तर मात्र डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि तेव्हाही आधी स्तनपान कसं चाललंय हे बघतात.

'कधी' या प्रश्नावर शास्त्राने स्वतःची मतं किती वेळा बदलली, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यातला एक मोठा धडा नेदरलँड्सच्याच मातीतला आहे. हेगच्या युलियाना बालरुग्णालयात विलेम कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. सीलिएक या आजाराची मुलं तेव्हा जुलाबांनी खंगत, त्यांची पोटं फुगत, वाढ थांबे. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण दुष्काळ पडला आणि पाव दिसेनासा झाला. माणसं ट्युलिपचे कंद खाऊन जगत होती. त्या काळात गव्हाविना राहिलेल्या सीलिएकच्या मुलांची तब्येत बिघडली नाही, आणि पाव परतला तसा त्यांचा त्रासही परतला, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा दोष पद्धतशीर मोजमापांनी दाखवून दिला. आज जगभर या आजारावर एकच उपाय आहे, गहू आणि त्याच्या भावंडांमधलं ग्लुटेन आयुष्यभर टाळणं. तो उपाय या माणसाचा.

मग पुढचा प्रश्न आला: बाळाला गहू अमुक वेळी दिला तर आजार टळेल का? स्वीडनमध्ये ऐंशीच्या दशकात गहू उशिरा सुरू करायचा सल्ला आला आणि त्यानंतर लहान मुलांमध्ये सीलिएकचं प्रमाण एकदम वाढलं. त्यावरून असं मानलं जाऊ लागलं, की चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, स्तनपान चालू असताना, थोडं थोडं ग्लुटेन दिलं तर संरक्षण मिळतं. कित्येक देशांच्या मार्गदर्शनात हे शिरलं. शेवटी नेदरलँड्समधल्या लायडेनच्या विद्यापीठ रुग्णालयातून लुइसा मेआरिन यांच्या नेतृत्वाखाली आठ देशांत चाचणी झाली. घरात सीलिएकचा इतिहास असलेली ९४४ बाळं घेतली. निम्म्यांना चार ते सहा महिन्यांत रोज १०० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण ग्लुटेन नसलेलं चूर्ण. २०१४ साली निकाल आला: काहीही फरक नाही. तेव्हा गव्हाचा रवा किंवा पोळीचा मऊ तुकडा पाचव्या महिन्यात की आठव्या, ही चिंता सोडून द्यावी. चार महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत केव्हाही चालतो, सुरुवातीला थोडा द्यावा एवढंच.

शेंगदाण्याची कथा नेमकी उलटी आहे. तिथे वेळेने खरंच फरक पडतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सांगितलं जाई, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलाला तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. तरी शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच होती. लंडनमधले गिडियन लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनमधली ज्यू मुलं आणि इस्राएलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली. लंडनमध्ये ॲलर्जी दहापट. इस्राएलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच 'बांबा' नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ खातात, हा मोठा फरक होता. मग ६४० बाळांवर चाचणी झाली. सगळी चार ते अकरा महिन्यांची, सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी. त्वचेच्या चाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न आलेल्या बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा टाळला त्यांच्यातल्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. ज्यांना नियमित दिला त्यांच्यात १.९ टक्के. २०१५ साली हा निकाल आल्यावर जगभरची मार्गदर्शनं बदलली.

नेदरलँड्समध्ये आता सांगतात, की शेंगदाणा आणि नीट शिजवलेलं अंडं बाळ आठ महिन्यांचं होण्याआधी सुरू करावं आणि मग दर आठवड्याला देत राहावं. बाळाला तीव्र इसब असेल तर चार ते सहा महिन्यांतच, पण आधी डॉक्टरांशी बोलून. इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत म्हणूनच मी सहाव्या महिन्याची वाट बघा असं म्हणणार नाही. त्याच्यासाठी डच चार महिन्यांचा सल्ला आजीच्या सल्ल्यापेक्षा सरस आहे. मराठी घराला हे सोपं जायला हवं, कारण दाण्याचं कूट नसलेला आपला डबा नसतो. पण बाळाला कोरडं कूट नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अख्खा दाणा तर चार वर्षांपर्यंत नाहीच. मीठ-साखर नसलेलं, निव्वळ दाण्यांचं गुळगुळीत 'पिंडाकास' इथल्या प्रत्येक दुकानात मिळतं. चिमूटभर घेऊन कोमट पाण्यात किंवा पेजेत पातळ कालवायचं. सकाळी द्यायचं, म्हणजे अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली तर लक्षात येईल आणि दवाखाना उघडा असेल. श्वासाला त्रास झाला तर वेळ न घालवता ११२ वर फोन करायचा.

पहिला घास कशाचा, याबद्दल मात्र निवांत असावं. वाखनिंगन विद्यापीठात १०१ बाळांवर एक सुंदर प्रयोग झाला. काही बाळांना सुरुवातीचे अठरा दिवस फक्त भाज्या दिल्या, काहींना फक्त फळं. भाज्यांनी सुरुवात केलेली बाळं भाज्या जास्त खाऊ लागली, फळांनी सुरुवात केलेल्यांना भाजीची गोडी लागली नाही. म्हणजे दुधी, फ्लॉवर, मटार, गाजर मऊ शिजवून, घोटून देण्यात अर्थ आहे. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं म्हणून ती भाजी बाद करायची नाही. आठ-दहा वेळा देऊन पाहायची. इथल्या अनेक घरांत बाळाच्या हातात मऊ शिजवलेला ब्रोकलीचा तुरा देऊन त्यालाच खाऊ देतात. गिल रॅपली या ब्रिटिश आरोग्यसेविकेच्या नावावरून डच लोक या पद्धतीला रॅपली पद्धत म्हणतात. चमचा आणि हात दोन्ही चालतात. फक्त बाळ सरळ बसलेलं हवं, समोर मोठं माणूस हवं, आणि अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, लाह्या यांना जागा नको.

आपल्या रूढ पदार्थांपैकी दोहोंबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. वरणाचं पाणी हे बाळाचं अन्न नाही. डाळ खाली राहते आणि वरचं पिवळं पाणी चमच्याने पोटात जातं. एवढ्याशा पोटात पाणी भरलं की दुधाची जागाही जाते. डाळ घोटा, घट्ट ठेवा, वर अर्धा चमचा तूप घाला. चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळणार नाही इतका घट्टपणा हवा. दुसरा पदार्थ तांदूळ. तांदळात मातीतून आणि पाण्यातून अजैविक आर्सेनिक येतं. बाळांच्या अन्नासाठी वापरायच्या तांदळाला युरोपीय संघाने किलोमागे ०.१० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि रोज रोज तांदळाचंच नको, धान्यं बदलती ठेवा, असं इथे सांगतात. घाबरून गुरगुट्या भात बंद करायचं कारण नाही. भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर आर्सेनिक कमी होतं. पण सकाळी पेज, दुपारी मऊ भात, संध्याकाळी तांदळाची पिठी हा बेत मोडावा. इथल्या ओटची लापशी आणि आपल्या नाचणीचं सत्त्व दोन्ही उत्तम. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि भिजवून, मोड आणून, वाळवून केलेल्या सत्त्वातलं लोह साध्या पिठापेक्षा चांगलं लागू पडतं. सोबत लिंबाचे चार थेंब किंवा संत्र्याची फोड दिली तर आणखी चांगलं. मांसाहारी घराने सहाव्या-सातव्या महिन्यापासून बारीक केलेला खिमा, मासा द्यायला कचरू नये. लोह मिळवायचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. मीठ, साखर, गूळ वर्षभर दूर ठेवावेत. गाईचं दूध प्यायला द्यायचं ते वर्षानंतर.

शाकाहारी घरासाठी एक इशारा, जो डच पुस्तिकेत ठळक नसतो आणि आपल्याकडेही दुर्लक्षित राहतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदच्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. आईच्या शरीरात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. अशा दुधावरच आठ-दहा महिने राहिलेलं बाळ मंदावतं, हसायचं कमी होतं, शिकलेलं विसरतं, कधी त्याला कंप सुटतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र ओळखीचं आहे. डच डॉक्टरला ते क्वचित दिसतं, म्हणून तुम्हीच सांगायला हवं, की आई जन्मापासून शाकाहारी आहे, रक्त तपासा. इंजेक्शन किंवा गोळी स्वस्त आणि सोपी आहे. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र इथे सगळ्यांनाच सांगतात: रोज १० मायक्रोग्रॅम, चार वर्षांपर्यंत. आपल्या सावळ्या त्वचेला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून ते एक दिवसही चुकवू नका.

आणखी एक घरचा विषय म्हणजे गुटी. कित्येक घरांत दुधाखेरीजचा पहिला थेंब उष्टावणाच्या कितीतरी आधी, सहाणेवरून जातो. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड मधात उगाळून. आजीची माया त्यात असते, हे मी जाणते. पण मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. वेखंड, जायफळ यांची मात्रा सहाणेवर मोजता येत नाही, तेव्हा तेही नको.

शेवटी नोकरीचा प्रश्न, कारण प्रत्यक्षात निर्णय तिथेच अडतो. नेदरलँड्समध्ये बाळंतपणाची पगारी रजा आधीची-नंतरची मिळून १६ आठवडे. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे आहे. इथली आई बाळ तीन महिन्यांचं होतं न होतं तोच कामावर जाते, बाळ पाळणाघरात जातं, आणि 'आता दूध कसं पुरणार, अन्न सुरू करू' असं घरात ठरतं. हे कारण खरं असलं तरी त्यावरचा उपाय वेगळा आहे. डच कायद्याने बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेतला पाव हिस्सा दूध पाजायला किंवा काढायला मिळतो, पगार न कापता. त्यासाठी बंद होणारी खोली मालकाने द्यायची असते. २०२२ पासून आईबाबा दोघांनाही बाळाच्या पहिल्या वर्षात नऊ आठवडे अंशतः पगारी पालकरजा घेता येते. बाबांनी ती पाचव्या-सहाव्या महिन्यात घेतली तर पहिले घास घरी, घाईगर्दीशिवाय भरवता येतात.

तेव्हा माझं मत असं: पूर्ण दिवसांचं, निरोगी, दुधावर नीट वाढणारं बाळ असेल तर साडेपाच-सहा महिन्यांपर्यंत थांबा, आणि त्याआधी ते आधाराने बसून घासाकडे झेपावत असेल तर अडवू नका. तीव्र इसब असेल तर चार महिन्यांनाच डॉक्टरांकडे जा. बाळ आधी जन्मलं असेल तर वय कसं मोजायचं हे त्यांनाच विचारा. सहा महिने पूर्ण झाल्यावर मुहूर्तासाठी एकही आठवडा घालवू नका. आणि पुढच्या तपासणीला जाताना आजी सोबत असतील तर त्यांनाही केंद्रात घेऊन जा. घरात काय शिजतं, गुटी दिली का, आई काय खाते, हे सगळं न लाजता तिथे सांगा. तुमच्या घरची ही माहिती परिचारिकेच्या कागदावर कुठेही नसते.